मार्चची कोरी ओळ

मैत्रिणींनो, घरातल्या माणसाची कॅन्सरची ट्रीटमेंट पार पडली की लोक पेढे मागतात. आमच्याकडेही मागितले आणि मी गोखले नाक्यावरून आणून वाटलेसुद्धा. पण पेढ्यांचा पुडा रिकामा झाल्यावर घरात एक नकोसा पाहुणा मुक्कामाला येतो, त्याच्याबद्दल आधी कुणी सांगत नाही. 'परत आला तर?' हा तो पाहुणा. आमच्याकडे तो तीन वर्षं जेवला, झोपला, आणि आम्ही सगळे तो दिसतच नाही असं एकमेकांना दाखवत राहिलो. त्यातून एकदा भलतंच होता होता राहिलं. तेच सांगायला आज लिहायला बसले आहे.

माझे सासरे – आम्ही त्यांना आप्पा म्हणतो – एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. रहाटाघर स्थानकाच्या खिडकीत बसून गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, किती मिनिटं उशीर झाला याच्या नोंदी करण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाले तरी हात थांबला नाही. घरात एक दोनशे पानी लांबट वही असते. गॅसचं सिलिंडर कधी लावलं, पहिला पाऊस कधी आला, गोळपच्या कलमांवर कितवी फवारणी झाली, सगळं तिच्यात. आमची वीसेक कलमं आहेत तिथे. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, आमचे हे एका दुकानात हिशेब बघतात, मुलगी सातवीत आहे. असं आमचं साधं घर.

२०२१च्या पावसाळ्यात आप्पा रात्रीचे पाच-पाच, सहा-सहा वेळा उठायला लागले. "वय झालं, व्हायचंच" असं तेही म्हणाले, आम्हीही म्हणालो. तुम्हीही म्हणाला असतात. प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते, साधारण अक्रोडाएवढी. उतारवयात ती बहुतेकांची वाढते आणि ते वाढणं बहुतेक वेळा साधंच असतं, कॅन्सर नसतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे. नाहीतर हा लेख वाचून तुम्ही आज रात्रीपासून सासऱ्यांच्या फेऱ्या मोजत बसाल. पण दाखवायला मात्र हवं. आम्ही दाखवलं तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. रक्ताची पी.एस.ए. नावाची तपासणी ३८ आली. मग तुकडा काढून तपासला, हाडांचा स्कॅन झाला. कॅन्सर होता, जरा आडमुठ्या जातीचा होता, पण हाडांत गेलेला नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार झाले. शस्त्रक्रिया नाही झाली. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन, अशी दोन वर्षं, आणि २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये किरणांची पंचवीस सिटिंग. आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे पाच आठवडे. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली, तिथे आधी हे राहिले, मग मी राहिले. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आलीच, तर ही धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही दोन नावं लक्षात ठेवा. मुंबईत राहायचं कुठे, या विचारानेच आपली निम्मी माणसं खचतात.

या किरणांची एक गंमत असते. मूत्राशय भरलेलं लागतं. म्हणजे ठरावीक पाणी प्यायचं, नंबर येईपर्यंत थांबायचं आणि काही झालं तरी बाथरूमला जायचं नाही. ज्या माणसाला दहा मिनिटं धरवत नव्हती त्याने तासभर धरायची! आप्पा भिंतीवरच्या घड्याळाकडे असे बघत बसायचे, की जशी काही चिपळूणची गाडी लेट आहे. "सुटली गो एकदाची," असं बाहेर येऊन म्हणायचे, आणि मग आम्ही दोघं हसायचो. सासरा आणि सून अशा गोष्टीवर हसतील, हे लग्नाच्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर मी कानांवर हात ठेवले असते.

इंजेक्शनांचीही एक गोष्ट आहे. या आजाराला पुरुषी हार्मोन म्हणजे खतपाणी, ते तोडलं की तो सुकतो. ही गोष्ट अमेरिकेत चार्ल्स हगिन्स नावाच्या डॉक्टरांनी १९४१ साली दाखवून दिली, त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल मिळालं. (आमचं टाटा हॉस्पिटलही १९४१चंच. माझं आपलं उगाच लक्ष गेलं.) तर हार्मोन तुटल्यावर आप्पांना पौषाच्या थंडीत घाम फुटायला लागला. बसल्या जागी चेहरा लालेलाल, अंगाचा भडका, पंखा लावा, दोन मिनिटांनी पंखा बंद करा. ते घाबरले. ह्यांना वाटलं, बी.पी. वाढलं. सासूबाई खोबरं किसत होत्या. त्यांनी किसणीवरून मान वर केली आणि म्हणाल्या, "हे माझं पन्नाशीतलं. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, कसले गो तुझे चाळे!" आप्पा काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी सासूबाईंसाठी गजरा आणला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, असं त्या म्हणतात. मी खात्री केलेली नाही.

इथपर्यंत सगळं तसं सोपं होतं, मैत्रिणींनो. म्हणजे कष्ट होते, पैसे जात होते, पण पुढे काय करायचं ते कुणीतरी सांगत होतं. या तारखेला या, हे इंजेक्शन घ्या, इतकं पाणी प्या. खरी पंचाईत झाली ती डॉक्टरांनी "आता सहा महिन्यांनी रक्त तपासा आणि कळवा" असं सांगितल्यावर. मधले सहा महिने काय करायचं?

मधले सहा महिने आम्ही आप्पांकडे बघत बसलो. ते खोकले की बघायचं, भात कमी घेतला की बघायचं. एकदा वाडीत फणस उतरवताना त्यांच्या पाठीत उसण भरली. आता, ऐंशीकडे निघालेल्या माणसाने दहा किलोचा फणस उचलला तर पाठ धरणार नाही तर काय होईल? पण प्रोस्टेटचा आजार परतला तर पुष्कळदा कण्याच्या हाडांत जातो, हे आम्ही ऐकून होतो. तीन रात्री घरात कुणी झोपलं नाही. आणि गंमत अशी, की प्रत्येकाने सकाळी "मला छान झोप लागली" असं सांगितलं. चौथ्या दिवशी पाठ मोकळी झाली. नंतर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्हालाही सांगून ठेवते. चार दिवसांत शेक-मलमाने जाणारं दुखणं वेगळं. आठवड्यांमागून आठवडे टिकणारं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं दाखवायचं. आणि त्यासोबत पायांतलं बळ गेलं, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर उद्यापर्यंतही थांबायचं नाही, त्याच दिवशी गाठायचं. भीती कशाची बाळगायची हे कळलं की बाकीच्या भीतीला जरा तरी रजा देता येते.

माणसं धीर द्यायला येत. "पवारसाहेबांकडे बघा, २००४मध्ये झाला होता, आणि त्यानंतर किती निवडणुका केल्या!" आप्पा हसून चहा पुढे करत आणि माणूस गेल्यावर म्हणत, "त्यांचा तोंडाचा, माझा कुठला!" कुणी लक्ष्मणफळं पाठवली, टोपली भरून. मोबाईलवर ते फळ कॅन्सर मारतं असा निरोप फिरत होता. आम्ही डॉक्टरांना विचारलं, तसा काही पुरावा नाही म्हणाले. फळ म्हणून आम्ही खाल्लं, आंबटगोड लागतं. पण सासूबाईंचा जीव त्या फळात असा अडकला की हंगाम संपल्यावर त्यांना वाटायला लागलं, आता आजार परत येणार. औषध नसलेल्या गोष्टीला औषध म्हटलं की असं होतं. ती नसली तरी भीती वाढते.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

२०२३च्या शेवटी इंजेक्शनं संपली. त्या वेळी पी.एस.ए. ०.०५ होती. आप्पांनी वहीत लाल शाईने लिहून ठेवली. २०२४च्या जूनमध्ये ०.३ आली. डिसेंबरमध्ये ०.८.

तो डिसेंबरचा कागद ह्यांच्या मोबाईलवर आला तेव्हा मी स्वयंपाकघरात घावनं घालत होते. हे आत आले, दार लोटलं. "वाढलीय," एवढंच म्हणाले. डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी सांगितलं, काळजीसारखं वाटत नाही, पण तीन महिन्यांनी, मार्चमध्ये, एकदा परत करून कळवा. आम्ही 'का' ते विचारलंच नाही. 'परत करा' एवढंच आमच्या कानांत राहिलं. तव्यावरचं घावन करपलं. हे म्हणाले, "आप्पांना आकडा सांगू नकोस. ठीक आहे म्हणून सांगू." मी मान डोलावली. बी.ए. झालेली, मुलांना खरं बोलावं म्हणून निबंध घालणारी मी, मान डोलावली!

आमच्या स्वयंपाकघराचं दार पावसाळ्यात फुगतं ते नीट लागत नाही. बाहेर आप्पा बसले होते.

ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन त्यांनी स्वतःच कागदाची प्रत आणली आणि वहीत ०.८ लिहिलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. संध्याकाळी ते नेहमीसारखे मांडवीला फिरायला गेले. तिथे जेटीवर त्यांची चार-पाच जणांची बैठक असते. त्यातल्या एका निवृत्त मास्तरांची हीच ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली आहे. आप्पांनी त्यांना, आपलं नाव न घेता, सहज विचारावं तसं विचारलं, "पी.एस.ए. किती झाली म्हणजे परत आला समजायचं?" मास्तर अभ्यासू. त्यांनी ताबडतोब सांगितलं, "०.२. त्याच्या वर गेली आणि दुसऱ्यांदाही तशीच आली, की परत आला."

मास्तर खोटं बोलले नव्हते. पण ते त्यांचं गणित होतं. आप्पांचं वेगळं होतं.

मार्च आला. तो आमच्याकडे आंब्याच्या गडबडीचा महिना. मी दोनदा आठवण केली. "करून आलो, ठीक आहे, डॉक्टरांना मीच फोन केला," असं आप्पा म्हणाले. मला हायसं वाटलं. खरं सांगू? मी कागद मागितला नाही, कारण मला तो बघायचा नव्हता. न बघितलेला कागद चांगलाच असतो.

मेमध्ये आंबा उतरत आला. माळ्यावरच्या खोलीत अढी लावली होती, गवतात आंबे, वर गवत, परत आंबे. एक दिवस पिकलेले वेगळे काढताना पेटीचा हिशेब बघायला मी आप्पांची वही उघडली. मागच्या पानांवर तपासणीचा तक्ता होता. पट्टीने ओळी आखलेल्या. तारीख, आकडा, शेरा. डिसेंबर २०२४, ०.८, आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द : 'परत आला'. त्याच्या खाली 'मार्च २०२५' असं लिहिलेलं होतं. पुढे काही नाही. कोरी ओळ.

एस.टी.त असताना गाडी रद्द झाली तरी 'रद्द' म्हणून लिहिणारा माणूस! त्याने ओळ कोरी ठेवली होती.

मी तिथेच बसले, आंब्यांच्या वासात. पाच महिने. पाच महिने हा माणूस 'परत आला' असं मनाशी धरून आमच्याबरोबर जेवत होता. माझ्या मुलीला पाढे शिकवत होता, कलमांना आळी करत होता. आणि आम्ही त्याला वाचवतोय असं समजून दार लोटून कुजबुजत होतो.

मी खाली गेले नाही. त्यांनाच वर हाक मारली. "आप्पा, जरा या, मला कळत नाही पिकलाय की नाही ते." ते आले, गवतात बसले, एकेक आंबा हातात घेऊन देठाकडे दाबून बघायला लागले. मी वही पुढे ठेवली.

बराच वेळ ते आंबेच चाचपत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही दोघं बोलत होतात ना तेव्हाच कळलं. लपवताय म्हणजे असणारच. मास्तरांनी आकडा सांगितला. म्हटलं, आता मुंबईला न्यायला लागलात तर परत तेच. तुझी शाळा बुडणार, ह्याची नोकरी. पोरीचं शिक्षण आहे. झालं तेवढं झालं. आंबा तरी नीट जाऊ दे या वर्षी."

मी रडले. रागाने रडले, हे कबूल करते. मग म्हटलं, "आप्पा, आम्ही चुकलो. पण तुम्हीही चुकलात. तुमचा आकडा आम्ही लपवला, आमचा निर्णय तुम्ही घेतलात." सासऱ्यांशी मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी एक आंबा माझ्या हातात दिला, म्हणाले, "हा आज खा. उद्या उतरेल." आणि जिन्याने खाली जाऊन शर्ट घालून आले. "चल, लॅब उघडी असेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद आला. सगळे ओटीवर बसलो होतो, सासूबाईसुद्धा, मुलगीसुद्धा. ह्यांनी मोठ्याने वाचलं : ०.९.

रात्री मी शाळेत करते तसं केलं. एका कागदावर प्रश्न लिहून काढले, आप्पांचे, सासूबाईंचे, आमचे, मिळून अकरा झाले. सकाळी डॉक्टरांना फोन लावला, मोबाईल मोठ्या आवाजावर ठेवला आणि एकेक विचारलं. त्यांनी न कंटाळता सांगितलं. तुमच्या घरी कुणाला उपयोग होईल म्हणून मला समजलं तसं लिहिते.

पी.एस.ए. हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक द्रव्य. ते कॅन्सरच्या पेशी तयार करतात तशा चांगल्या पेशीही करतात. मास्तरांची ग्रंथीच काढून टाकलेली, म्हणजे ते द्रव्य करणारं घरात कुणी उरलंच नाही. त्यांचा आकडा शून्याजवळच हवा, ०.२ झाला आणि परत तपासून तसाच निघाला तर डॉक्टर दखल घेणार. आप्पांची ग्रंथी जागेवर आहे, तिला किरण दिलेत. तिच्यात काही चांगल्या पेशी शिल्लक असतात. इंजेक्शनं चालू असताना त्या झोपलेल्या होत्या, म्हणून आकडा ०.०५पर्यंत उतरला. इंजेक्शनं थांबली, अंगातलं हार्मोन हळूहळू परत आलं, पेशी जाग्या झाल्या, आकडा थोडा चढला. कित्येकांचा तसा चढतो आणि मग एका जागी थांबतो. किरण दिलेल्या माणसाचा आकडा सगळ्यात खाली गेलेल्या आकड्याच्या वर पूर्ण २ने चढला, तर 'परत आला' असं धरायची पद्धत आहे. म्हणजे आप्पांची वेस ०.२ नव्हे, २.०५. शिवाय एका आकड्यावर काही ठरत नाही, तो कसा आणि किती वेगाने चढतोय ते बघतात. म्हणून तर मार्चमध्ये करा म्हटलं होतं. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करायची, कारण लॅब बदलली की आकडा थोडा इकडेतिकडे होतो. लघवीला जंतुसंसर्ग झाला असला तरीही तो वर जाऊ शकतो, तसं असेल तर आधी सांगायचं.

अकरावा प्रश्न आप्पांचा होता. तो त्यांनी स्वतःच विचारला. "आणि डॉक्टर, खरंच परत आला तर?"

डॉक्टर म्हणाले, "तर औषधं आहेत. पहिल्यापेक्षा आता जास्त आहेत. परत येणं म्हणजे शेवट नव्हे, पुष्कळ जण त्यानंतरही वर्षानुवर्षं काढतात. पण त्यासाठी मला कळायला हवं ना, आप्पा!"

येणारच नाही, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, हे मला त्या वेळी खटकलं होतं. आता वाटतं, तसं म्हणाले असते तर आप्पांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता. मी मग शोधून काढलं : दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू, यांना हाच आजार १९९७मध्ये निघाला. पुढे तो परतलाही, परत उपचार झाले, आणि ते २०२१मध्ये नव्वदाव्या वर्षी गेले. मंडेलांना २००१मध्ये याच ग्रंथीला किरण दिले होते, ते पंचाण्णव वर्षांचे होऊन २०१३मध्ये गेले. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "पवारसाहेबांपेक्षा ही माणसं बरी. निदान जागा तरी तीच." सगळ्यांचं असंच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. मांडवीच्याच एका गृहस्थांचं गेल्या वर्षी वेगळं झालं. ती बातमी आली त्या रात्री आप्पांच्या खोलीतला दिवा दोन वाजेपर्यंत जळत होता.

फरक एवढाच, की त्या रात्री सासूबाई उठल्या, मीही उठले, आणि आम्ही तिघांनी मिळून दोन वाजता चहा केला. "भीती वाटत्ये," असं आप्पा म्हणाले. "हो, मलाही," असं सासूबाई म्हणाल्या. मी आपली गप्प बसून बशीतला चहा प्यायले. "काही होत नाही हो, उगाच काय" हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते चहाबरोबर गिळलं. आपण बायका ते वाक्य किती सहज बोलतो! समोरच्याचं तोंड बंद करायला त्याच्याइतकं चांगलं वाक्य नाही.

आता आमच्याकडे काही रीती पडल्या आहेत. कुणी ठरवल्या असं नाही, पडल्या. तपासणीच्या आठवड्यात घरात सगळ्यांना चिडायची मुभा असते. त्या आठवड्यात पाहुणे बोलवायचे नाहीत. रक्त मंगळवारी सकाळी द्यायचं, म्हणजे शनिवार-रविवार मध्ये लटकत नाही. कागद आला की ओटीवर सगळ्यांसमोर वाचायचा आणि आकडा आप्पांनी आपल्या हाताने लिहायचा. दार लोटायचं नाही. बाकीच्या दिवसांत मनात आलं तर बोलून टाकायचं, पण त्यावर तासभर चर्चा नाही. आप्पा वहीत प्रश्न लिहून ठेवतात. पानावर उतरला की तो प्रश्न निदान रात्रीपुरता वहीत झोपतो, असं ते म्हणतात. मला स्वतःला मात्र मधे एक काळ झोपच लागेनाशी झाली होती. तेव्हा १४४१६ या सरकारी टेलिमानसच्या नंबरावर मी फोन केला. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. ह्यांना आधी सांगितलं नाही, नंतर सांगितलं. ते म्हणाले, "मलाही नंबर देऊन ठेव."

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही या विचारात होते. पण गृहिणींचं मासिक-साप्ताहिक नाही लिहिणार तर कोण लिहिणार! किरणांनंतर आप्पांना कधी कधी कपड्यांत थेंब जातात. त्या लाजेने त्यांनी वर्षभर लग्नकार्यांना जाणं सोडलं होतं आणि आम्ही समजत होतो की आजाराच्या काळजीने जात नाहीत. मी दुकानातून मोठ्या माणसांचे पॅड आणले, खाकी कागदात गुंडाळून त्यांच्या कपाटात ठेवले आणि एक शब्द बोलले नाही. पुढच्या महिन्यात ते भाच्याच्या मुंजीला राजापूरला गेले, तेही एस.टी.ने. आणि एकदा, किरणांना दीड वर्ष झाल्यावर, शौचाला थोडं रक्त दिसलं होतं. तेही किरणांच्या परिणामाने होऊ शकतं, परतल्याची खूण नसते. पण तपासून घ्यायचं. तसं ते तपासलं. हे आधी माहीत असतं तर त्या दोन दिवसांतला आमचा सगळ्यांचा अर्धा जीव वाचला असता.

परवा डिसेंबरची तपासणी झाली. ०.८. आप्पांनी लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'वेळेवर' असा शेरा मारला. मग मागे जाऊन ती मार्चची कोरी ओळ होती, तिच्यापुढे लाल शाईने लिहिलं : 'रद्द. नियंत्रकाची चूक.' सासूबाईंनी वही ओढून घेतली. चष्मा लावून बघितलं, आणि म्हणाल्या, "सहायक नियंत्रकांचीही लिहा." म्हणजे आम्ही दोघं.

त्यांनी लिहिलं.

आता पुढची जूनमध्ये. सासूबाई आत्तापासून विचारतायत, त्या मंगळवारी अंगारकी तर येत नाही ना, नाहीतर उपासाच्या दिवशी रक्त द्यायला लागेल. कॅलेंडर बघून सांगते म्हटलं आहे. आणि आप्पा गोळपला गेलेत, यंदा मोहोर बरा आलाय आणि तुडतुडा पडायच्या आत फवारणी व्हायला हवी.